एकही किडा नाही

नळी अकरा मिलिमीटर लांब होती आणि दगडाच्या खालच्या अंगाला, ओघाकडे तोंड करून चिकटलेली होती. वाळूचे कण एकाला एक जोडून बांधलेली, सगळे कण जवळपास एकाच मापाचे, आणि सांधे इतके बारीक की गवंड्याने मान खाली घालावी. फक्त टोकाचा एक कण निळा होता. भिंगाखाली धरल्यावर कळलं की तो कण नाही, प्लॅस्टिकचा कपचा आहे. आतल्या अळीची त्याबद्दल काही तक्रार दिसत नव्हती. हाताशी आलं ते लावलं आणि कामाला लागली. आमच्या पाणी खात्याला तो कपचा सापडला असता तर आधी समिती नेमली असती.

मी दगड होता त्याच खळग्यात, होता त्याच बाजूने परत ठेवला. हे मी नेहमी करते. दगड पालथा ठेवणं म्हणजे एखाद्याचं घर छप्पर खाली करून ठेवण्यासारखं आहे, आणि वर पुन्हा राहा म्हणायचं.

ही नदी डोंगरातून येते. शहरातला शेवटचा सिग्नल सोडला की हातातला चहा गार व्हायच्या आत तिच्या काठावर पोचता येतं. पाणी इतकं नितळ की खोलीचा अंदाज चुकतो आणि दर उन्हाळ्यात त्या अंदाजापायी कुणाचा तरी पाय मोडतो. शहराला तिचा फार अभिमान आहे. अभिमान म्हणजे सुटीच्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यात जाऊन बसणं.

मी खात्यात जीवशास्त्रज्ञ आहे. बाकी सगळे अभियंते. पाणी खात्यात एक जीवशास्त्रज्ञ असावा असा नियम निघाला, म्हणून एक मी. माझं काम दगडाखाली कोण राहतं ते बघायचं. बाटलीतलं पाणी यंत्रात घातलं तर ते त्या घटकेपुरतं सांगतं. दगडाखालचे किडे तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात, त्यामुळे त्यांना बारा महिन्यांचं माहीत असतं. त्यातल्या काही जाती भारी नाजूक. पाणी जरा बिघडलं की त्या आधी जातात. त्या भरपूर असल्या तर पाणी उत्तम. हत्यारं म्हणाल तर एक जाळी, एक मऊ ब्रश आणि एक पांढरा ट्रे.

गुडघाभर पाण्यात वाकून दगड चाळणारी बाई दिसली की लोक विचारतात, “काही हरवलंय का हो?” सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची. आता ‘अंगठी’ म्हणते. किड्यांसाठी कुणी पाय बाजूला घेत नाही. अंगठीसाठी अख्खं कुटुंब पाण्यातून उठून काठावर बसतं, आणि एखादी आजी ‘सापडेल हो, सापडेल’ असा धीरही देते.

नदीवर माणसं उतरतात अशा जागा तीन. खालचा डोह, मधला डोह आणि वरचा डोह. खालच्या दोन्हींना पायऱ्या आहेत, बाकं आहेत, ‘नदी आपली आई आहे’ असा फलक आहे आणि त्या फलकाला ओले टॉवेल वाळत घालायची सोय आहे. वरच्या डोहाला यातलं काही नाही, फक्त खोल पाणी आहे. तिथूनच ट्यूबा सुटतात. ट्रकच्या टायरची असते तशी मोठी रबरी ट्यूब, तिच्यात बसायचं आणि ओघाबरोबर खालच्या डोहापर्यंत वाहत यायचं. ट्यूब सोडण्याआधी पाळीची वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. मग ते दगड उचलतात. कुणी छोटं धरण बांधतं, कुणी दगडावर दगड ठेवून मनोरे रचतं. त्याने मनाला शांती मिळते म्हणे. ज्यांच्या घरावरून तो दगड उचलला त्यांच्या मनाची चौकशी अजून कुणी केलेली नाही.

मी केली. सलग तीन उन्हाळे वरच्या डोहातले नाजूक किडे कमी होत होते. अजून होते, बऱ्यापैकी होते, पण उतरण लागली होती. आणि खालच्या दोन डोहांचं बिऱ्हाड वरच्या डोहावरच चालतं. अळ्या ओघाबरोबर वाहत येतात आणि खाली रिकामा दगड मिळेल तिथे मुक्काम ठोकतात. वरचा डोह आटपला की तिन्ही आटपले. उपाय साधा होता. वरचा डोह दोन उन्हाळे माणसांना बंद ठेवायचा. बाकीचं किडे बघून घेतील. त्यांना समिती लागत नाही.

बंद करायचा अधिकारही माझ्याकडे होता. खात्यात ‘तोंडी बंदी’ नावाची एक जुनी पद्धत आहे. पूर आला तर कागद फिरवायला वेळ नसतो म्हणून कुणीतरी शहाण्याने ती घालून दिली. नदीवर कामाला असलेल्या अधिकाऱ्याने काठावर उभं राहून, दोन माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘बंद’ म्हटलं की नदीचा तेवढा भाग बंद. कागद मागाहून. बंदी रद्द करायची तर पूर्ण खात्याची बैठक बसावी लागते आणि आमच्या खात्याची पूर्ण बैठक बसवणं नदी उलटी वाहवण्यापेक्षा अवघड आहे. म्हणजे एक शब्द पुरे होता. तो तीन उन्हाळे माझ्या तोंडात होता.

तोंडातच राहिला, कारण ट्यूबा भाऊजींच्या होत्या.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नदीवर त्यांना सगळे कप्तान म्हणतात. ट्यूबांचा रंग निळा, शिट्टी पिवळी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. वरच्या डोहाखेरीज ट्यूब सोडायला जागा नाही. खाली पाणी उथळ आहे, माणूस ट्यूबसकट टेकतो. त्यांचं घर नदीच्या रस्त्यावर आहे आणि त्या घराच्या माडीवरच्या खोलीत मी राहते. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताई कॉलेजात. पुढे मी कॉलेजात गेले आणि ताई शिवणकामाच्या दुकानात. याचा उल्लेख ताई कधीही करत नाही. आठवड्यातून दोनतीनदा तरी करत नाही. “मला काय कळतंय, मी कुठे शिकलेय,” एवढं म्हणते आणि भाजी चिरायला घेते.

स्पर्धेची बातमी भाऊजींनी आणली. ते जेवणाच्या टेबलावर ट्यूब पसरून तिला ठिगळ लावत होते आणि ताई त्यांना टेबल मोकळं करायला सांगत होती.

“शास्त्रज्ञबाई, ऐकलंत का? शहराजवळची सगळ्यात स्वच्छ नदी कुठली, याची स्पर्धा आहे. आपलं नाव गेलंय. बाहेरून परीक्षक येणार आहेत.”

“ऐकलं,” मी म्हणाले.

“पहिला नंबर आला की बघा. गाड्या उभ्या करायला जागा उरणार नाही.”

“आत्ता तरी कुठे उरते,” ताई म्हणाली. “ते रबर उचला आधी. ताटं काय डोक्यावर वाढू?”

“उचलतो गं. सोल्युशन वाळू दे.” त्यांनी ठिगळावर अंगठा दाबून धरला. “या वेळी नव्या ट्यूबा घेतल्यात. सीझन जोरात जाणार. तुमचे पाहुणे कसे आहेत?”

माझ्या किड्यांना ते पाहुणे म्हणतात.

“कमी झालेत.”

“उन्हामुळे असेल.”

“ते पाण्यात राहतात, भाऊजी.”

“मग पाण्यामुळे असेल,” ते म्हणाले. भाऊजींशी वाद घालता येत नाही. ते प्रत्येक मुद्दा मान्य करतात.

भाऊजी ट्यूब घेऊन अंगणात गेल्यावर ताईने माझ्यासमोर ताट ठेवलं. ठेवलं ते जरा आवाज करून.

“तीन उन्हाळे तू एक वाक्य तोंडात धरून हिंडतेस,” ती म्हणाली. “गिळ तरी नाहीतर बोल तरी. गाल दुखत नाहीत का तुझे?”

“कुठलं वाक्य?”

“मला काय माहीत. मी कुठे शिकलेय.”

मी जेवले. वाक्य तोंडात असताना जेवता येतं. सवयीचा भाग आहे.

स्पर्धेची बैठक साहेबांच्या खोलीत झाली. आमचे साहेब भले गृहस्थ आहेत. टेबलावरची काच ते स्वतः पुसतात, खुर्च्या एका रेषेत नसल्या तर त्यांना सुचत नाही, आणि त्यांच्या खोलीतलं रोप प्लॅस्टिकचं आहे कारण खऱ्याची पानं गळतात. अशा माणसाच्या ताब्यात नदी दिली आहे.

“नदी स्वच्छ दिसली पाहिजे,” साहेब म्हणाले.

“स्वच्छ आहेच ती,” मी म्हणाले.

“आहे हो, मॅडम. आहे हे आपल्याला माहीत आहे. दिसली पाहिजे.” त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. मधल्या डोहातले दगड होते. “हे बघा. काळपट. वर बुळबुळीत थर. परीक्षकांचा पाय घसरला तर पहिलंच इंप्रेशन काय होईल?”

“तो थर किड्यांचं अन्न आहे, साहेब. त्यावर ते जगतात.”

“किडे आहेत?” साहेबांनी फोन खाली ठेवला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं, किंवा मग खूप बोलायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. मी एक अचूक वाक्य बोलले. “परीक्षक दगड उचलून खाली किडे आहेत का ते बघणार आहेत.”

साहेबांच्या चेहऱ्यावर खरी कृतज्ञता आली.

“बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “म्हणजे दगड खालूनसुद्धा घासायला हवेत.”

“साहेब, उलट आहे. किडे असले की गुण मिळतात. जितके जास्त तितके—”

“मॅडम विनोदसुद्धा करतात बरं का,” साहेब बाकीच्यांना म्हणाले, आणि बाकीचे हसले. माझा आवाज मुळात लहान आहे. त्यात कुणी हसत असेल तर तो मलाच ऐकू येत नाही. मी स्पर्धेचे नियम छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते इतर कागदांच्या रेषेत सरळ करून ठेवले.

स्वच्छता मोहीम सुटीच्या दिवशी झाली. शहर लोटलं होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ आलं, बँकेचे लोक एकसारखे शर्ट घालून आले, एका शाळेतल्या शिक्षिका आल्या. प्रत्येकाला तारेचा ब्रश. भाऊजींनी शिट्टी फुंकून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि दगड कसा धरायचा ते दाखवलं. साहेबांनी गाड्या धुवायच्या केंद्रावरून जोराच्या पाण्याचा पंप आणला होता. नदीचंच पाणी ओढून नदीच्याच दगडांवर मारायचं, अशी ती योजना. अभियांत्रिकीचा विचार केला तर तिच्यात खोट नव्हती.

माणसं आनंदात होती हे मी नोंदवलं पाहिजे. एरवी नदीत बसून ती आपापल्या फोनकडे बघतात. त्या दिवशी प्रत्येक जण वाकून, घाम गाळून, प्रेमाने एकेक दगड घासत होता. आधी वरून, मग उलटा करून खालून. दगड पांढरे पडत होते आणि ओघात तपकिरी धूर सुटत होता. त्या धुरात काय चाललं होतं ते ओळखणारी तिथे मी एकटी होते. माझ्या घोट्यांवरून तीन शेपट्यांचे चपटे किडे, वाळूची घरं, घरांतून निघालेले मालक, असं सगळं वाहत गेलं.

“कित्ती घाण होती बघा,” बँकेतल्या एक बाई धुराकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मी काठावर चढले. साहेब दहा पावलांवर होते, भाऊजी त्यांच्या शेजारी. दोन माणसं. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी ताईने माझ्या हातात कप दिला.

“चहा घे. सकाळपासून उभी आहेस,” ती म्हणाली. तिने पदर खोचला होता आणि मोठ्या पातेल्यातून शंभर माणसांना ती चहा वाटत होती. “यांचं आज बोलणं ऐकलंस का? साहेबांनी खांद्यावर हात ठेवला म्हणे. इतकी वर्षं नदीवर आहेत, पण खात्यातल्या कुणी नावाने हाक मारली नव्हती.”

मी चहा प्यायले. आणखी एका शब्दाला जागा नव्हती.

वरच्या डोहापर्यंत मोहीम पोचली नाही. चढ उभा होता, पंपाचा पाइप पुरला नाही, आणि तेवढ्यात जेवणाची पाकिटं आली. निसर्गाचं रक्षण कधी कधी असं होतं.

परीक्षक पुढच्या आठवड्यात आल्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या बाई, पायात रबरी बूट. साहेबांनी स्वागताला खुर्च्या मांडल्या होत्या. बाई खुर्च्यांना वळसा घालून सरळ खालच्या डोहात उतरल्या. पिशवीतून त्यांनी जाळी काढली, मऊ ब्रश काढला आणि पांढरा ट्रे काढला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तसाच ट्रे त्यांनी माझ्या टेबलावर आठ वर्षं पाहिला होता आणि तो मी डब्यासाठी आणते असा त्यांचा समज होता.

बाईंनी एक दगड उचलला, पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्याला साहेबांना राहवलं नाही.

“कितीही उचला, बाई,” ते काठावरून म्हणाले. “एकही किडा सापडणार नाही. मी शब्द देतो.”

“तेच दिसतंय,” बाई म्हणाल्या.

“आम्ही खालूनसुद्धा घासलेत.”

बाई सावकाश सरळ झाल्या. “काय घासलंत?”

“दगड. दोन्ही डोहांतले. लोकसहभागातून.” साहेबांनी फोटो दाखवायला फोन काढला. शंभर माणसं, शंभर ब्रश, मागे पंपाच्या तुषारात इंद्रधनुष्य. फोटो खरोखर सुंदर होता. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकच आकडा होता आणि तो लिहायला फार शाई लागली नाही.

“इथे जीवशास्त्रज्ञ कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“तुम्ही होतात तेव्हा?”

“होते.”

त्यांनी ट्रे विसळला आणि पिशवीत ठेवला. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्या वरच्या डोहाकडे चढल्या आणि मी त्यांच्यामागून. साहेब आणि भाऊजी मागे धापा टाकत. वर पहिलाच दगड उचलल्यावर बाईंचा चेहरा बदलला. ट्रेमध्ये हालचाल सुरू झाली. “आहेत की,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांनी दगड होता त्याच खळग्यात परत ठेवला. “खाली सगळं साफ झालं तरी हा डोह आहे तोवर आशा आहे. हा कुणी हात न लावता राहू दिला तर एकदोन वर्षांत खाली पुन्हा भरेल. याला हात लागला तर मग मात्र कुठून येणार? डोंगरापलीकडून चालत तर येत नाहीत.” हे त्या कुणाकडेही न बघता बोलल्या. “मी जेवून येते. दुपारी खालच्या डोहाची आणखी एक मोजणी घेते. नियमात बसतं. सकाळी माझं काही चुकलं असेल तर.” आणि त्या आपल्या गाडीकडे निघून गेल्या.

साहेब डोहाच्या काठावर बसले. त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बूट चिखलात होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मॅडम, म्हणजे किडे चांगले असतात?”

“हो, साहेब.”

“तुम्ही आधी सांगायचं ना.”

ते छापील नियम अजूनही रेषेत असणार.

थोड्या वेळाने साहेबांची पाठ हळूहळू सरळ झाली. आमच्या साहेबांना कल्पना सुचली की ती आधी पाठीत दिसते.

“इथे आहेत,” ते डोहाकडे बोट करून म्हणाले. “खाली नाहीत. दुपारी मोजणी खाली आहे.” त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. “मग अडचण कुठे आहे?”

“कुठेच नाही,” भाऊजी म्हणाले. “उचलायचे आणि खाली सोडायचे. आपण नाही का, माणसं वरून बसवतो आणि खाली उतरवतो. त्यांनाही ट्यूबने नेऊ.”

“बादल्या लागतील.”

“घरात आहेत. दगडासकट नेऊ या, म्हणजे त्यांना परकं वाटायला नको.” भाऊजींनी फोन काढला. “हां, मी बोलतोय. सगळ्या बादल्या घेऊन वर ये. आणि नव्या ट्यूबा देऊन दोघांना वर पाठव. हो, आत्ता.”

“भाऊजी,” मी म्हणाले, “ते मरतील. उन्हात, बादलीत, अर्ध्या तासात मरतील.”

“मोजणीपर्यंत तरी राहतील ना?” साहेबांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. त्यांना खरोखर माहिती हवी होती.

“काही राहतील,” मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय नाही. या एका बाबतीत ती लावून घ्यायला हवी होती.

“मग झालं,” साहेब म्हणाले आणि बाह्या दुमडू लागले.

भाऊजी माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

“हे बघा, तुमचे पाहुणे आहेत, मला कळतं. पण नंबर गेला तर साहेब नदीवरचा खर्च बंद करतील, मग पहिली कुऱ्हाड कुणावर? उद्या सीझन सुरू होतोय. तुमच्या ताईने या वर्षी काय काय ठरवलंय, माहीत आहे ना? तिला शिवणाचं यंत्र घ्यायचंय स्वतःचं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पाय मारतेय.” ते थांबले. “तुमचे थोडे उरतीलच की वर. थोड्यांवर नाही भागत?”

थोड्यांवर बरंच भागतं. तीन उन्हाळे मीही तेच मनाशी म्हणत होते. आकडे दर वेळी ‘अजून थोडे आहेत’ असं सांगत होते आणि मी त्यांच्या आड बसून होते, जशी माणसं अहवालाच्या आड बसतात. फक्त आता हिशेब साफ होता. बादल्या भरल्या की थोडेही उरणार नव्हते; दगडासकट म्हणजे घरादारासकट. आणि ‘बंद’ म्हटलं की उद्याच्या ट्यूबा अंगणात पडून राहणार, उद्याच्याच नाही, पुढच्या उन्हाळ्याच्यासुद्धा. भाऊजींना दुसरं काही येत नाही. माडीवरच्या खोलीचा जिना त्यांच्याच स्वयंपाकघरातून जातो. त्या जिन्यावरून आज संध्याकाळी मला वर जायचं होतं.

साहेब पाण्यात उतरले. चांगल्या पँटसकट उतरले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. वाकून त्यांनी एक मोठा दगड दोन्ही हातांनी हलवायला घेतला. भाऊजी दुसऱ्या बाजूने त्यांना हात द्यायला निघाले.

चढावरून ताई आली. दोन्ही हातांत बादल्या, काखेत पातेलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि वाटेत कुणीतरी तिला काय करायचं आहे ते सांगितलेलं दिसत होतं, कारण तिने बादल्या आधीच विसळून आणल्या होत्या. ताई काम अर्धवट करत नाही.

तिने बादल्या माझ्यासमोर टेकवल्या. एकदा पाण्यात वाकलेल्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मोठीत ठेवायचे की लहानीत?” तिने विचारलं. “झाकण लागतं का यांना? मला यातलं काही कळत नाही. तू शिकलीयेस, तू सांग.”

ती थट्टा करत नव्हती. वाट बघत होती. मला वाटतं, ती बरेच दिवस वाट बघत होती.

“कशातच नको, ताई,” मी म्हणाले. मग घसा साफ केला आणि साहेब व भाऊजी दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “वरचा डोह बंद. या क्षणापासून पुढचा उन्हाळा संपेपर्यंत. पाण्यात कुणी उतरायचं नाही. साहेब, तो दगड होता तिथे ठेवा. भाऊजी, तुम्हीसुद्धा बाहेर या.”